पाणी जातं कुठं?

मैत्रिणींनो, आमच्या गटाच्या भाजीच्या ट्रकमधलं कूलंट रोज कमी व्हायचं, खाली मात्र थेंब नाही. सकाळी गाडी सुरू केली की पांढरा, गोडसर वासाचा धूर. आम्ही नुसतं पाणी ओतत राहिलो, तीच चूक.

विषारी वायू कमी व्हावेत म्हणून डिझेल इंजिनाचा थोडा धूर परत इंजिनात सोडतात. तो आधी कूलंटनं गार होतो ईजीआर कूलरमध्ये. आमच्या कूलरची आतली नळी चिरली होती. कूलंट इंजिनात शिरत होतं. जास्त साचलं असतं तर पिस्टनचा दांडाच वाकला असता.

मिस्त्रीनं नवा कूलर बसवला, गॅस्केटही नवीच टाकली, कूलंट भरून आतली हवा काढली. कूलर काढून नळी बंद करायचा स्वस्त उपाय आम्ही नाकारला. धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. आणि हो, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आमच्या एकीचा हात भाजलाय.