विश्लेषण : मुठीएवढे इंजिन, बोटांवर बेतणारा पंखा, मॉडेल विमानाचे इंजिन सुरक्षित कसे चालवावे?

लुना, एम-८० किंवा जुनी चेतक चालवलेल्या पिढीला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घेण्याची सवय होती. बजाज ऑटोचा वाळूज प्रकल्प १९८५ मध्ये सुरू झाला आणि छत्रपती संभाजीनगरच्या घराघरांत टू-स्ट्रोक इंजिनाची भाषा पोहोचली. त्याच तत्त्वावर चालणारे, पण मुठीत मावणारे इंजिन आजही हौशी मॉडेल विमानांत बसवले जाते. बॅटरीवरच्या मोटारी आल्या, तरी इंजिनाचा आवाज आणि धूर यांचे आकर्षण कमी झालेले नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या (एनसीसी) हवाई विभागात तर एरोमॉडेलिंग हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. मात्र दुचाकीच्या इंजिनाचे फिरते भाग झाकलेले असतात. इथे पंखा उघडा असतो आणि इंजिन सुरू करणाऱ्याचा हात त्याच्यापासून काही इंचांवर असतो. हे इंजिन कसे चालते, ते हाताळताना काय सांभाळावे आणि मराठवाड्याच्या हवामानात त्याची निगा कशी राखावी, याविषयी…

हे इंजिन चालते कसे?

शिकाऊ मॉडेल विमानांत साधारण ६.५ ते ७.५ सीसीचे ‘ग्लो’ इंजिन वापरले जाते. त्यात दुचाकीसारखा ठिणगी देणारा स्पार्क प्लग नसतो. त्याऐवजी प्लॅटिनममिश्रित तारेचे बारीक वेटोळे असलेला ग्लो प्लग असतो. सुरुवातीला दीड व्होल्टची बॅटरी लावून ही तार लाल केली जाते. इंजिन सुरू झाले की बॅटरी काढून घेतात. त्यानंतर ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलच्या वाफेची प्लॅटिनमशी होणारी प्रक्रिया यांमुळे तार तापलेलीच राहते. अमेरिकेतील रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये असा प्लग बाजारात आणला आणि मॉडेल विमानांतून जड कॉइल व बॅटरी हद्दपार झाली.

याचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. बॅटरी काढली तरी इंजिन चालूच राहते, म्हणजे ते बंद करायला चावी नसते. इंधन किंवा हवा तोडली तरच ते थांबते. त्यामुळे सुरू करण्याआधी ‘बंद कसे करणार’ याचे उत्तर तयार हवे.

सर्वाधिक धोका कशाचा?

पंख्याचा, म्हणजे प्रॉपेलरचा. दहा इंची पंखा मिनिटाला १२ हजार फेऱ्यांनी फिरतो, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ५७५ किलोमीटर होतो. सेकंदाला २०० फेऱ्या आणि दोन पाती, म्हणजे मध्ये आलेल्या बोटावर सेकंदाला ४०० वार. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. त्यातच फिरता पंखा उन्हात जवळजवळ दिसत नाही. त्यासाठी अनेक हौशी पात्यांची टोके पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाने रंगवतात.

पाते तुटले तर त्याचा तुकडा गोळीसारखा सुटतो आणि तो पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत, म्हणजे बाजूला जातो. म्हणून चालत्या इंजिनाच्या समोर किंवा पंख्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, ही या छंदातील पहिली शिस्त. बघायला आलेली लहान मुले नेमकी तिथेच गोळा होतात. त्यांना विमानाच्या मागे आणि लांब उभे करणे ही विमान उडवणाऱ्याची जबाबदारी आहे. पात्याला बारीकशी चीर किंवा टवका दिसला, तरी तो पंखा गोंद लावून वापरू नये. मोडून कचऱ्यात टाकावा. धातूचा पंखा तर कधीच वापरू नये.

सुरू करण्याचा योग्य क्रम कोणता?

आधी पंख्याचा नट, इंजिन बसवलेले स्क्रू आणि इंधनाची नळी तपासावी. विमान मदतनिसाने मागून घट्ट धरावे किंवा जमिनीत रोवलेल्या खुंट्यांना अडकवावे. रिमोट आधी चालू करावा, मग विमानातील रिसीव्हर; बंद करताना क्रम उलटा. थ्रॉटल सर्वांत खाली असल्याची खात्री करावी. काही वेळा थ्रॉटल वर राहून जातो आणि इंजिन सुरू होताच विमान अंगावर झेपावते. रिमोटचा संपर्क तुटल्यास थ्रॉटल आपोआप बंद होईल, अशी ‘फेल-सेफ’ची सोय आधीच करून ठेवावी.

त्यानंतर ग्लो बॅटरी न लावता पंखा हाताने एक-दोनदा सावकाश फिरवून पाहावा. तो अडकत असेल, तर सिलिंडरमध्ये इंधन साचले आहे. अशा वेळी जोर लावला किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर दाबला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून इंधन बाहेर काढणे हाच उपाय.

बॅटरी लावल्यावर मात्र पंख्याला बोट लावू नये. रबर चढवलेली काठी किंवा इलेक्ट्रिक स्टार्टर वापरावा. डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि पायात बूट हवेत. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातला रिमोटचा पट्टा आणि कॉलेजच्या ओळखपत्राची दोरी या वस्तू पंख्यात ओढल्या जाऊ शकतात. त्या आधीच काढून ठेवाव्यात. इंजिन सुरू झाले की वळसा घालून विमानाच्या मागे यावे आणि बॅटरी काढणे, नीडल व्हॉल्व्ह फिरवणे ही कामे मागूनच करावीत. पंख्यावरून हात नेऊन बॅटरी काढण्याची घाई अपघाताला निमंत्रण देते.

बंद करण्यासाठी रिमोटवरून थ्रॉटल पूर्ण मिटवावा. ते जमले नाही तर मागच्या बाजूने इंधनाची नळी चिमटीत दाबावी. हाताने किंवा काही फेकून पंखा थांबवू नये.

इंधनात काय असते आणि ते जपायचे का?

ग्लो इंजिन पेट्रोलवर चालत नाही. त्याचे मुख्य इंधन मिथेनॉल आणि त्यात साधारण १८ ते २० टक्के तेल. काही इंजिनांना थोडे नायट्रोमिथेनही लागते. तेल म्हणजे कृत्रिम ऑइल किंवा चक्क एरंडेल. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या तारेने बांधून उडवायच्या विमानांच्या वेग स्पर्धेत ८० टक्के मिथेनॉल आणि २० टक्के एरंडेल असे मिश्रण ठरलेले आहे. प्रचंड तापमानातही एरंडेल धातूवरचा थर सोडत नाही. पैसे वाचवण्यासाठी तेल कमी केले, तर इंजिन काही मिनिटांत खराब होऊ शकते, कारण त्याला वंगण मिळण्याचा दुसरा मार्गच नाही.

मिथेनॉल हे विष आहे. मुंबईतील मालवणीत २०१५ मध्ये शंभरहून अधिक जणांचा बळी घेणाऱ्या विषारी दारूत तेच होते. ते पोटात गेल्यास दृष्टी जाते, जीवही जातो. वाफ आणि त्वचेतूनही ते शरीरात शिरते. त्यामुळे इंधन पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यावर ठळक ‘विष’ अशी चिठ्ठी आणि कुलूपबंद जागा हवी. तोंडाने नळी ओढून टाकी भरण्याची दुचाकीवाल्यांची जुनी सवय इथे जीवघेणी ठरू शकते.

दुसरा धोका आगीचा. मिथेनॉलच्या वाफा सुमारे ११ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकतात, म्हणजे मराठवाड्यात जवळपास वर्षभर. त्याची ज्योत भर उन्हात दिसतच नाही. काहीही दिसत नसताना हाताला चटका बसला किंवा विमानाचा रंग फुगू लागला, तर आग लागली असे समजावे. ड्राय पावडरचे अग्निशामक नळकांडे मैदानावर हाताशी असावे. मिथेनॉल पाण्यात मिसळते, त्यामुळे भरपूर पाणीही उपयोगी पडते.

‘लीन’ आणि ‘रिच’चे गणित काय?

हवेत इंधन कमी पडले तर मिश्रण ‘लीन’, जास्त झाले तर ‘रिच’. नवखे हौशी इथेच इंजिन गमावतात, कारण लीन इंजिन सुरुवातीला छान, चढ्या आवाजात चालते. पण इंधन कमी म्हणजे तेलही कमी आणि थंडावाही कमी. काही क्षणांत आवाज घसरतो, धूर नाहीसा होतो आणि पिस्टन जाम होतो. हे हवेत घडले, तर बंद इंजिनाचे विमान कुठे उतरेल हे सांगता येत नाही.

त्यावर सोपा उपाय आहे. पूर्ण थ्रॉटलवर नीडल हळूहळू आत फिरवत सर्वाधिक वेग गाठावा, मग ती थोडी बाहेर फिरवून वेग ३०० ते ५०० फेऱ्यांनी कमी करावा. नंतर विमान घट्ट धरून नाक वर करावे. आवाज किंचित चढला तर जुळणी योग्य. मंदावला तर मिश्रण लीन आहे. उडताना मागे धुराची पांढरी रेघ दिसणे हे चांगले लक्षण.

संभाजीनगरच्या हवेचा काय परिणाम?

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे येथील हवा मुंबईपेक्षा पाच टक्क्यांहून थोडी अधिक विरळ असते. त्यात मे महिन्यातील ४० अंशांच्या दुपारची हवा डिसेंबरमधील १० अंशांच्या पहाटेपेक्षा जवळपास १० टक्के विरळ. विरळ हवेत तीच जुळणी रिच होते, तर थंड व दाट हवेत लीन. म्हणजे उन्हाळ्यात बसवलेली नीडल हिवाळ्यातल्या पहाटे तशीच ठेवली, तर इंजिन तापून जाम होण्याची भीती असते. म्हणूनच दर वेळी मैदानावर गेल्यावर पुन्हा जुळणी करावी.

दुसरा मुद्दा धुळीचा. या इंजिनांना बहुधा एअर फिल्टर नसतो. काळ्या मातीची बारीक धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन घासते. सुरू करताना विमानाखाली प्लायवूडचा तुकडा किंवा ओले केलेले पोते अंथरावे. विमान नाकावर आपटले आणि इंजिनात माती गेली, तर ‘फिरते का बघू’ म्हणून पंखा फिरवू नये. त्या एका फेरीत सिलिंडरवर ओरखडे उमटतात. आधी बाहेरून धुवावे, मग खोलून स्वच्छ करावे.

नव्या इंजिनाचे रनिंग-इन आणि रोजची निगा कशी?

नवीन दुचाकीप्रमाणे यालाही रनिंग-इन लागते. पद्धत मात्र बनावटीनुसार बदलते. पिस्टनला रिंग असलेले इंजिन सुरुवातीला भरपूर रिच चालवतात. पितळी, क्रोमचा मुलामा दिलेल्या सिलिंडरचे ‘एबीसी’ इंजिन थंड असताना वरच्या टोकाला घट्ट लागते. तापल्यावर सिलिंडर प्रसरण पावतो आणि योग्य जागा होते. ते फार थंड चालवले तरी झिजते. त्यामुळे उत्पादकाच्या पुस्तिकेतील पद्धतच पाळावी.

उड्डाणे संपल्यावरची पाच मिनिटे इंजिनाचे आयुष्य ठरवतात. मिथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे आतील बेअरिंगला गंज चढतो. म्हणून शेवटी नळी दाबून इंजिनातले इंधन पूर्ण जाळून टाकावे, उरलेली टाकी रिकामी करावी, कार्ब्युरेटरमध्ये व प्लगच्या छिद्रात गंजरोधक तेलाचे काही थेंब सोडून पंखा हाताने फिरवावा. जून ते सप्टेंबरमध्ये विमान महिनोन्‌महिने माळ्यावर राहते. तेव्हा तर हे टाळूच नये. पंखा फिरवताना खरखर जाणवली, तर बेअरिंग बदलण्याची वेळ आली आहे. एरंडेलाचा चिकट थर बसून घट्ट झालेले इंजिन पाना लावून पिळण्याऐवजी थोडे कोमट करावे, ते सुटते. मात्र आत इंधन नसल्याची खात्री करूनच आणि उघड्या ज्योतीशिवाय.

नियम काय सांगतात?

ऑगस्ट २०२१ मध्ये लागू झालेल्या ड्रोन नियमांत रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांचाही समावेश आहे. शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या विमानाला ‘मॉडेल’ मानले जाते आणि त्याला टाइप सर्टिफिकेटची गरज नसते. परंतु हवाई क्षेत्राचे निर्बंध त्यालाही लागू आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मुभा आहे. चिकलठाणा विमानतळ शहराला लागूनच असल्याने शहराचा मोठा भाग या कक्षेत येतो. त्यामुळे मैदान निवडण्यापूर्वी डिजिटल स्काय नकाशा पाहणे आवश्यक. बिगरव्यावसायिक वापरासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्रातून सूट आहे ती दोन किलोपर्यंतच. ग्लो इंजिनाचे शिकाऊ विमान अनेकदा त्याहून जड भरते, म्हणून ते आधी वजनकाट्यावर ठेवावे.

तारेने बांधून उडवायच्या विमानांना वेगळा धोका आहे. त्यांच्या तारा पोलादी असतात. वरून वीजवाहिनी जात असेल, तर त्या जागी असे विमान उडवूच नये.

अपघात झाल्यास काय करावे?

बोट कापल्यास स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरावा आणि तातडीने घाटी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श नको. मिथेनॉल पोटात गेल्याची नुसती शंका आली, तरी त्रास होण्याची वाट पाहू नये. लक्षणे दिसायला १२ ते २४ तास लागू शकतात आणि तोपर्यंत डोळ्यांचे नुकसान सुरू झालेले असते. मैदानावर एकट्याने जाऊ नये, असा आग्रह जाणकार धरतात तो याचसाठी. विमान धरायला दुसरा माणूस लागतोच; वेळ आली तर रुग्णालयात न्यायलाही तोच असतो.