ताप नेमका कुठे, ते नकाशा सांगतो

माजिवडा-मानपाडा ही ठाणे महापालिकेची प्रभाग समिती. घोडबंदर रस्त्यालगतची मोठी संकुले, जुनी गावठाणे आणि सतत चालू असलेली बांधकामे असा तिचा पसारा. पावसाळ्यात ‘प्रभागात डेंग्यूचे इतके रुग्ण’ एवढेच कळले, तर डास नेमका कुठे शोधायचा?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास फार लांब उडत नाही. साधारण ४०० मीटरच्या आतच वावरतो. म्हणून रुग्णांच्या घरांचे ठिपके नकाशावर एका जागी दाटले, तर पैदासही बहुधा जवळच असते. मात्र हा डास दिवसा चावतो. त्यामुळे रुग्णाची शाळा किंवा कामाची जागाही पाहावी लागते.

लंडनमध्ये १८५४ साली डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू असेच नकाशावर मांडले. ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेले दिसले.

आज ओपनस्ट्रीटमॅपसारखा मुक्त नकाशा कुणालाही वापरता येतो. सोसायटीने त्यावर उघड्या टाक्या, टायर, बांधकामावर साचलेले पाणी यांच्या खुणा केल्या आणि पालिकेने रुग्णसंख्या वस्तीनिहाय खुली केली, तर दोन्ही जुळवता येतील. रुग्णाचे नाव किंवा घरक्रमांक मात्र नकाशावर कधीच नको.

अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून खूण केलेली जागा दर आठवड्याला कोरडी केली, तरच नकाशाचा उपयोग.