थांबून प्रश्न विचारणारा व्हिडिओ

संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडून त्याला ताण देतात, मग ते बहरतं. नागपूरकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण शाळेतल्या मुलांसाठी याचा धडा करायचा तर? मोबाइलवर बागेचं चित्रण करा आणि एचफाइव्हपी या मोफत, मुक्त साधनात टाका. तुम्ही ठरवाल त्या सेकंदाला व्हिडिओ थांबतो आणि विचारतो: पाणी बंद केलं, आता झाड काय करेल? चुकलात तर नुसतं ‘चूक’ न म्हणता मागे, मलूल पानांपाशी नेतो. मला हीच सोय सर्वांत आवडते.

आत जादू काही नाही. तयार फाइल म्हणजे साधी झिप. चित्रं आणि कोणत्या सेकंदाला कोणता प्रश्न, याची मजकुरातली यादी. त्यामुळे दुसऱ्याचा धडा घेऊन आपल्या गावाला साजेसा करता येतो.

धडा मुलांपर्यंत पोहोचवायचा कसा, तर परितेवाडीच्या (जि. सोलापूर) शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले; २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कोड हे धड्यापर्यंत नेणारं दार झालं; खरं मोल आतल्या प्रश्नाचं. ‘पानांचा रंग कोणता?’ एवढंच विचारायचं असेल, तर व्हिडिओ थांबवायचा कशाला?