शेजाऱ्याचे झाड, आपले वावर

झाड एकाच्या शेतात उभे असते. पण फांद्यांना बांध कळत नाही. त्या वाढतात आणि शेजाऱ्याच्या वावरात शिरतात. सावलीखाली जोंधळा पिवळा पडतो. कणीस भरत नाही. बाभूळ असली तर काटे पायांत मोडतात. झाड घराजवळ असले तर पाला कौलांवर साचतो आणि मुळ्या भिंतीत घुसतात.

मग बोलाचाली होते. कोणी रागाने कुऱ्हाड उचलतो. कोणी रात्री बुंध्याला भोक पाडून त्यात हिंग भरतो. दुसऱ्या दिवशी पोलीस गावात येतात. फांदी असते चार हात, पण तंटा चालतो दोन पिढ्या. वकिलाची फी भरता भरता बैल विकावा लागतो. म्हणून कायदा काय म्हणतो, ते आधीच समजून घेतलेले बरे.

झाड कोणाचे?

फांद्या कोठे गेल्या, हे पाहायचे नाही. बुंधा कोठे आहे, ते पाहायचे. ज्याच्या जमिनीत बुंधा, त्याचे झाड. बुंधा नेमका हद्दीवर असेल, तर ते झाड सामाईक धरतात. तसले झाड एकट्याने तोडू नये. हद्दीचाच वाद असेल, तर आधी भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरून सरकारी मोजणी करून घ्यावी. हद्द ठरल्याशिवाय झाडाचा वाद सुटत नाही.

फांदी तोडता येते काय?

आपल्या जमिनीवर आलेली फांदी आपण तोडू शकतो. आपल्या जमिनीत आलेली मुळीही तोडू शकतो. इंग्लंडात लेमन आणि वेब या दोन शेजाऱ्यांचा असाच खटला झाला होता. तो तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत गेला. १८९४ साली निकाल लागला. शेजाऱ्याच्या जमिनीत पाय न ठेवता फांदी तोडता येत असेल, तर ती तोडण्याचा हक्क आहे, असे न्यायाधीशांनी सांगितले. आपल्या देशातल्या न्यायालयांनीही हे तत्त्व मानले आहे.

पण या हक्काला मर्यादा आहेत. त्या नीट ध्यानात ठेवा.

पहिली मर्यादा हद्दीची. हद्दीच्या अलीकडे आला असेल तेवढाच भाग तोडायचा. पलीकडचा एक वीतही तोडायचा नाही.

दुसरी मर्यादा वाटेची. शेजाऱ्याच्या शेतात शिरायचे नाही. त्याच्या झाडावर चढायचे नाही. आपल्या बाजूने शिडी लावून काम करायचे.

तिसरी मर्यादा नुकसानीची. बुंध्याची साल काढणे, हिंग किंवा औषध घालून झाड वाळवणे, बुंध्याशी जाळ करणे, हा गुन्हा होतो. त्याला हक्क म्हणत नाहीत.

तोडलेली फांदी कोणाची?

झाड ज्याचे, फांदी त्याची. फळेही त्याचीच. फांदी आपल्याकडे आली म्हणून तिच्यावरचे आंबे आपले होत नाहीत. तोडलेली फांदी बाजूला ठेवावी आणि शेजाऱ्याला न्यायला सांगावे. ती चुलीला लावू नये. भारतीय न्याय संहिता हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. चोरी म्हणजे काय, हे सांगताना त्यात झाडाचेच उदाहरण दिले आहे. दुसऱ्याच्या जमिनीतले झाड लबाडीने नेण्यासाठी तोडले, तर ते जमिनीपासून सुटताच चोरी होते. घरी नेईपर्यंतही थांबावे लागत नाही.

“वीस वर्षे फांदी अशीच आहे!”

झाडाचा मालक पुष्कळदा असे म्हणतो. वाटेचा किंवा पाण्याचा हक्क वीस वर्षांच्या वहिवाटीने मिळू शकतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात तशी तरतूद आहे. पण फांदीचे तसे नाही. ती दरवर्षी वाढते आणि रूप बदलते. लेमनच्या खटल्यातल्या फांद्याही वीस वर्षांहून जुन्या होत्या. तरी त्याला हक्क मिळाला नाही.

परवानगी केव्हा लागते?

इथेच पुष्कळ लोक फसतात. महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, मोह, खैर, हिरडा अशी झाडे त्याच्या यादीत आहेत. ती आपल्या स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. म्हणून यादीतल्या झाडाची मोठी फांदी उतरवण्याआधी तलाठ्याकडे किंवा वनखात्याच्या कचेरीत विचारावे. शहरांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे. तिथे नगरपालिकेत विचारावे.

फांदी विजेच्या तारेला लागली असेल, तर तिला हात लावू नका. महावितरणच्या लाइनमनला कळवा. ओली फांदी आणि तार यांच्या मध्ये माणूस आला, तर जीव जातो.

झाड पडायला आले असेल तर?

झाड वाळले आहे, रस्त्यावर किंवा घरावर कलले आहे, आणि मालक ऐकत नाही. अशा वेळी तहसील कचेरीत लेखी अर्ज करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमाप्रमाणे कार्यकारी दंडाधिकारी असे झाड काढण्याचा किंवा त्याला टेकू देण्याचा हुकूम मालकाला देऊ शकतात. अर्जाची एक प्रत पोच घेऊन आपल्याजवळ ठेवावी. आता तुम्हांला लिहिता येते. तेव्हा तोंडी तक्रारीवर थांबू नका.

मग करावे काय?

समजा, शेजाऱ्याच्या चिंचेची फांदी तुमच्या वावरावर आली आहे. पीक निघाल्यावर एका संध्याकाळी त्याच्या घरी जा. म्हणा, “दादा, तीन सरी पीक जाते बघा. आपण दोघे मिळून फांदी उतरवू. लाकूड तुमचे, मजुरी निम्मी निम्मी.” बहुतेक माणसे एवढ्यावर कबूल होतात. कबूल झाल्यावर चिंचेची परवानगी मिळवा. ठरले ते कागदावर लिहा. दोघांनी सह्या करा. दोन शहाण्या माणसांची साक्ष घ्या.

तो कबूल झाला नाही, तर गावातले पंच किंवा तंटामुक्त समिती यांच्यापुढे बसा. ही मोहीम २००७ साली सुरू झाली. तिथेही जमले नाही, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि गरिबांना तिथे वकील फुकट मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली, तर कोर्ट फी लागत नाही आणि त्या निवाड्यावर अपीलही होत नाही. शेवटचा उपाय दिवाणी दावा. त्यात नुकसानभरपाई आणि मनाईहुकूम मागता येतो. पण त्याला पैसा आणि वर्षे दोन्ही लागतात.

ज्याचे झाड आहे, त्यानेही विचार करावा. रोप लावताना हद्दीपासून पुरते आत लावावे. आज हातभर असलेले चिंचेचे रोप उद्या अर्धा गुंठा सावलीखाली घेते.

आधी बोलावे. मग मोजावे. मग अर्ज करावा. कुऱ्हाड सर्वांत शेवटी, आणि तीही दोघांच्या समक्ष.