मांजा, गळा आणि श्वासनळी : शिक्षक-पालकांनी काय ओळखावे?



संक्रांत आली की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गच्च्या पतंगांनी भरतात आणि दुचाकीवर पुढे बसवलेल्या लेकराच्या गळ्याची काळजी लागते. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरीही डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत दुचाकीवरून जाणाऱ्या एका पोलिसाचा मांजाने गळा चिरून मृत्यू झाला.

श्वासनळी गळ्यात पुढच्या बाजूला, त्वचेच्या जवळच असते. मोठ्या माणसात ती साधारण १० ते १२ सेंमी लांब असते. कूर्चेच्या कड्या तिला उघडी ठेवतात. सायकलचं हँडल गळ्यावर आदळलं तर बाहेर रक्त दिसत नाही, पण आत नळी फाटलेली असू शकते.

धोक्याची लक्षणे : आवाज बसणे, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, खोकल्यातून रक्त, जखमेतून हवेचे बुडबुडे, मान सुजून दाबल्यावर त्वचेखाली चरचर जाणवणे. यातलं एकही दिसलं तर "थोडं थांबून बघू" नको.

लगेच काय करावे? १०८ ला फोन करा. रक्त येतंय तिथेच स्वच्छ कापडाने दाबून धरा, पण गळ्याभोवती पट्टी आवळू नका. रुतलेला मांजा ओढू नका. पाणीसुद्धा पाजू नका. शुद्धीत असलेल्या मुलाला ज्या स्थितीत श्वास सोपा जातो तसंच राहू द्या. मान मात्र हलवू नका.

रुग्णालयात आधी श्वासमार्ग सुरक्षित करतात. त्यासाठी तोंडातून नळी घालतात किंवा गळ्यापुढे छेद देऊन श्वासासाठी वाट करतात. मग सीटी स्कॅन आणि दुर्बिणीने इजा नेमकी कुठे आहे ते पाहतात. लहान चीर कधी कधी देखरेखीखाली आपोआप भरते. मोठी शिवावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जखम भरली म्हणजे संपलं असं नाही. काही आठवड्यांनी आत व्रण आकसून नळी अरुंद होऊ शकते. विज्ञानाच्या शिक्षकांना हे गणित पटेल : नळीचा व्यास निम्मा झाला, तर संथ वाहणाऱ्या हवेला अडथळा सुमारे १६ पट वाढतो! म्हणून शाळेत परतलेलं मूल जिने चढताना, पीटीच्या तासाला धापा टाकत असेल, तर त्याला आळशी समजू नका. दमा समजून पंप देत बसू नका. जुन्या इजेची माहिती देऊन कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. फुग्याने नळी रुंद करणे किंवा अरुंद भाग काढून टोके जोडणे, असे उपाय आहेत. पण ते आपण वेळेत ओळखलं तरच उपयोगी पडतात.