अपडेटनंतर स्क्रीन काळी? फॉरमॅट मारण्याआधी थांबा

मागच्या व्याख्यानात आपण कर्नल म्हणजे काय ते पाहिलं. आज त्यातलाच रोजच्या वापरातला एक प्रश्न घेऊ. उबंटू अपडेट केलं, मशीन रिस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळी! नवशिका माणूस इथे घाबरतो आणि सरळ फॉरमॅट मारतो. घरचे फोटो, प्रोजेक्ट, सगळं जातं. खरं तर फाइल्स बहुतेक वेळा जागच्या जागी असतात.

मग बिघडतं काय? एनव्हीडियाच्या ड्रायव्हरचा एक भाग कर्नलमध्ये बसतो आणि तो त्या-त्या कर्नलसाठीच तयार केलेला लागतो. अपडेटमध्ये कर्नल नवा आला, पण त्याच्या मापाचा ड्रायव्हर तयार झाला नाही, की अशी गत होते.

उबंटू आधीचा कर्नल लगेच काढून टाकत नाही, हे आपल्या फायद्याचं. मशीन सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रब मेनू उघडायचा, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडायचा. स्क्रीन नीट आली, तर कार्ड शाबूत आहे. दोष बहुधा जुळणीचा.

आता पहिल्यांदा बॅकअप. मग ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये ‘टेस्टेड’ लिहिलेला ड्रायव्हर निवडून नव्या कर्नलवर पुन्हा बघू. तरीही तेच? मग सिक्युअर बूट चालू आहे का ते पाहू. सही नसलेला ड्रायव्हर ते आत घेत नाही.

एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. म्हणजे कशाने सुटलं, ते कळतं.