माठाच्या पाण्यातला थर्मामीटर

वैशाखातली दुपार, तीनचा सुमार. आईला चार दिवसांपासून ताप येत होता. फळीवरचा थर्मामीटर काढला आणि काखेत ठेवण्याआधी पाहिला, तर पारा १०४वर. अजून तो कुणाच्या अंगाला लागलाही नव्हता. झटकला, पुन्हा झटकला, मनगट दुखेपर्यंत झटकला. पारा जागचा हलेना. यंत्र बिघडलं असं समजून मी समोरच्या सिस्टरबाईंकडे गेले. सरकारी दवाखान्यात उभी नोकरी करून त्या निवृत्त झालेल्या. त्यांनी थर्मामीटर उजेडात धरून पाहिला आणि मग मान वर करून आमच्या छताकडे पाहिलं.

"तू आईचा न्हाई, पत्र्याचा ताप मोजायलीस. माठातल्या पाण्यात बुडीव की त्याला आधी."

आमच्या लोहारा गावच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ४० अंश सेल्सिअस सहज होतं. फॅरनहाइटमध्ये तेच १०४. पारा खोलीएवढा तापलेला असताना तो झटकून खाली येणार कसा? आमच्याकडे पूर्वी माळवदाची घरं होती. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि माती. मे महिन्यातही आत गारवा असायचा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला आणि याच जाड भिंतींखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर डोक्यावर माती नको, पत्रा बरा, असं पुष्कळांना वाटलं. त्या भीतीला मी कधीच चूक म्हणणार नाही. पण पत्र्याखाली आजारी माणसाची दुपार कशी जाते, हे त्या वैशाखात आईजवळ बसून कळलं.

पेल्यात माठाचं पाणी घेतलं, पाऱ्याचं टोक त्यात मिनिटभर धरलं, मग झटकलं. पारा सरळ ९५च्या खाली गेला. टोक कोरडं पुसून लगेच काखेत. उशीर केला असता तर खोलीनेच तो पुन्हा चढवला असता.

या काचेच्या नळीची सगळी करामत एका बारीक जागेत आहे. पाऱ्याच्या फुग्याच्या किंचित वर नळी चिमटलेली असते. पारा तापून फुगतो तेव्हा जोराने त्या चिमटीतून वर सरकतो. गार होऊन आकसला की तिथेच धागा तुटतो आणि वरचा पारा होता तिथे थांबून राहतो. म्हणून थर्मामीटर बाहेर काढून निवांत वाचता येतो आणि म्हणूनच पुढच्या वेळी झटकावा लागतो. पण तो फक्त चढलेलं दाखवतो. खोली माणसापेक्षा गरम असेल तर काखेतून काढल्यावरही तो चढतच राहणार. आईचा ताप १०१ आणि खोली १०४, तर डोळ्यांसमोर आकडा खोटा होत जातो. यावरही सिस्टरबाईंचा उपाय तोच: काढल्याबरोबर टोक माठाच्या पाण्यात. फुग्यातला पारा आकसतो, चिमटीशी धागा तुटतो, वर चढलेला आकडा तसाच राहतो. मग सावकाश वाचा. गरम पाणी मात्र कधीच नाही. उकळत्या पाण्याने थर्मामीटर धुवायला गेलेल्या घरात टोक फुटलेलं त्यांनी पाहिलं होतं. १०८च्या पुढे पाऱ्याला जायला जागा नसते.

काखेत ठेवणं सोपं वाटतं, तसं ते नाही. आधी घाम टिपायचा, कारण ओली काख गार लागते. चोळून पुसायचं नाही, चोळल्याने कातडी तापते. ब्लाउजचं वरचं हूक काढून पुढून आत सरकवायचा, टोक काखेच्या मधोमध बसलं पाहिजे, कापडाची दुमड मध्ये येता कामा नये. आई वाळून गेली होती, काखेत पोकळी पडली होती. तिचा हात छातीवरून पलीकडच्या खांद्यावर ठेवून मी कोपर दाबून धरायची. "किती येळ गं माय?" ती विचारायची. तिला वाटायचं, एवढ्यात भाकरी भाजून झाली असती.

किती वेळ, हे मी स्वतः करून पाहिलं. पारा आपण झटकेपर्यंत उतरत नाही, त्यामुळे मध्येच काढून पाहता येतं आणि न झटकता परत ठेवता येतं. तीन मिनिटांनी १००.४, पाच मिनिटांनी १०१, आठ मिनिटांनी १०१.२, पुढे हलला नाही. तेव्हापासून मी घड्याळ लावून आठ मिनिटं बसू लागले. जिभेखाली तीन-चार मिनिटांत काम होतं, पण आईला धाप लागायची आणि ओठ मिटून राहवत नव्हते. शिवाय चहा घेतला असेल, गार पाणी प्यायली असेल तर वीस मिनिटं तरी थांबावं लागतं.

या आठ मिनिटांत सिस्टरबाई बोलायच्या. एकदा म्हणाल्या, नवी असताना एका हिवाळ्यात नवजात बाळाच्या काखेत थर्मामीटर ठेवला आणि पारा आकड्यांपर्यंत आलाच नाही. ताप नाही म्हणून त्यांना आधी हायसं वाटलं. मोठ्या सिस्टरने बाळाच्या पायाला हात लावला, त्याला उचलून आईच्या छातीशी दिलं आणि वरून दुपटं घातलं. या थर्मामीटरवरचे आकडे ९४-९५पासून सुरू होतात. त्याखाली गार पडलेलं लेकरू तो दाखवूच शकत नाही, आणि नवजात बाळाला तापाइतकीच भीती गारठ्याची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, त्यात तापमान पाहणंही होतं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्या कामाचा अहवाल आला. आज आशाताई घरी येऊन बाळाच्या काखेत थर्मामीटर धरतात, त्यामागे ते काम आहे.

आता वाचणं. खिडकीकडे पाठ करायची, टोकाला हात न लावता थर्मामीटर आडवा, डोळ्यांच्या रेषेत धरायचा आणि बोटांत हळूहळू फिरवायचा. नळी तिधारी असते, तिची पुढची कड भिंगासारखं काम करते. एका नेमक्या कोनात केसाएवढा पारा एकदम रुंद चंदेरी पट्टी होऊन चमकतो. तो कोन सापडेपर्यंत माणूस म्हणतं, "काहीच दिसंना." दोन मोठ्या रेघांमध्ये पाच घरं, प्रत्येक घर ०.२ अंशाचं. डोळा वर किंवा खाली असला की एखादं घर चुकतं.

पहिल्या दिवशी मी डॉक्टरांना "अंग पोळतंय" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं: किती? किती वाजता? तोंडात की काखेत? एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. ज्या हाताने मी आईचं कपाळ चाचपत होते तो कधी चुलीपुढून आलेला, कधी पिठाच्या पाण्यातून. मग वही केली. वेळ, जागा, आकडा आणि तापाची गोळी कधी दिली ते. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंशाने कमी येतो, म्हणून बरेच जण मनानेच एक मिळवून सांगतात. सिस्टरबाईंना ते अजिबात खपायचं नाही. दिसलं ते लिही, पुढं 'काख' लिही, बेरीज डॉक्टर करतील.

थर्मामीटरवर ९८.६ला लाल बाण असतो. हा आकडा कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांचा. लाइपझिगमध्ये सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेत मोजमाप करून १८६८ साली त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांचा थर्मामीटर वीतभर लांब होता, आकडा यायला पंधरा-वीस मिनिटं लागायची. त्याच सुमारास इंग्लंडच्या क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंची, पाच मिनिटांत वाचता येणारा थर्मामीटर तयार करवून घेतला. पण बाण म्हणजे काही सीमारेषा नाही. निरोगी माणसाचं अंगही पहाटे गार आणि संध्याकाळी गरम असतं, एका दिवसात जवळजवळ एक अंशाचा फरक. म्हणून रोज त्याच दोन वेळा मी पाळल्या: सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. वहीत सकाळचे आकडे ९९-१००च्या आसपास होते, संध्याकाळचे मात्र रोज आदल्या दिवसापेक्षा एक पायरी वर. डॉक्टरांनी त्या ओळींवरून बोट खालपर्यंत नेलं आणि रक्त तपासायला पाठवलं. विषमज्वर निघाला.

औषध सुरू झाल्यानंतर पाचव्या संध्याकाळी थर्मामीटर माझ्याच हातून गेला. झटकताना लोखंडी पलंगाला लागला. शहाबादी फरशीवर पाऱ्याचे मणी पळाले, फटींत शिरले. भाचा धावत आला, त्याला ते गोळे हवे होते. त्याला बाहेर काढलं, दारं-खिडक्या उघडल्या, पंखा बंद केला. सिस्टरबाईंनी आधी माझ्या बोटातली अंगठी काढायला लावली. पारा सोन्याला धरतो. झाडू लावायचा नाही, त्याने मणी आणखी बारीक होतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून, लग्नपत्रिकेच्या जाड कागदाने मणी एकमेकांत ढकलून मोठे केले, फटींतले चिकटपट्टीने उचलले आणि झाकणाच्या बाटलीत थोड्या पाण्याखाली ठेवले. पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. जपानच्या मिनामाता गावात पाऱ्याने नासलेले मासे खाऊन माणसं लुळी पडली. त्या गावाचं नाव दिलेला जागतिक करार २०१८ साली भारतानेही मान्य केला. पाऱ्याचे थर्मामीटर बनवणं थांबवायला त्यात २०२० ही मुदत होती.

दुसऱ्या दिवशी डिजिटल आणला. तो झटकावा लागत नाही, पण घाम टिपणं, कापड बाजूला करणं, हात दाबून धरणं सगळं तेच. सापडेल त्या गार जागी ठेवायचा म्हणून त्यालाही माठामागच्या कोनाड्यात जागा दिली. वहीतली पुढची ओळ अशी आहे: संध्याकाळी ६, काख, ९९.२, गोळी दिलेली नाही.